मणक्यातला स्क्रू काय सांगू शकतो?

पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया होऊन त्यात धातूचे स्क्रू आणि रॉड बसवले गेले, की रुग्ण आणि त्याचे नातेवाईक डॉक्टरांना बहुधा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात: आत जे टाकले आहे ते नीट आहे की नाही, हे बाहेरून कळणार कसे? रायगड जिल्ह्यात मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान वसलेल्या खांबसारख्या गावात या प्रश्नाला आणखी एक धार आहे, कारण तपासणीसाठी कामोठे किंवा परळ गाठायचे तर नुकत्याच शिवलेल्या पाठीला वर्षानुवर्षे रखडलेल्या चौपदरीकरणाच्या खड्ड्यांवरून न्यावे लागते आणि एवढे करून बहुतेक वेळा 'ठीक आहे, तीन महिन्यांनी या' इतकेच उत्तर पदरी पडते. मणक्यात बसवलेला तुकडाच स्वतःवरचा भार मोजील, ते आकडे बिनतारी बाहेर पाठवील आणि संगणकाचा कार्यक्रम त्यांवरून हाड जुळत आहे की नाही हे सांगील, या कल्पनेचे आकर्षण त्यामुळे सहज समजण्यासारखे आहे. ही कल्पना कितपत खरी उतरली आहे, हे पाहण्यासाठी आधी कण्यावर भार किती येतो ते समजून घ्यावे लागते.

१. वाकलेल्या पाठीचे गणित

माणसाच्या कण्यात मान, पाठ आणि कंबर मिळून २४ सुटे मणके असतात आणि मानेचे पहिले दोन मणके वगळले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक लवचिक चकती असते, जिला बोलीभाषेत गादी म्हणतात. ही गादी झिजली की 'मणक्यात गॅप आला' आणि ती मागे सरकून मज्जातंतूवर टेकली की 'नस दबली' असे रुग्ण सांगतात. वर्णन ढोबळ असले तरी दुखण्याची जागा त्यात बरोबर सापडते.

कंबरेच्या गादीवर येणारा भार हा हातातल्या वजनाएवढा नसतो, तर त्याच्या कितीतरी पट असतो. पहारेने धोंडा उचलताना टेकूपासून हाताकडचा भाग लांब आणि धोंड्याकडचा भाग आखूड ठेवतात, म्हणून थोड्या जोरात मोठे वजन हलते. पाठीत हीच रचना उलटी असते, म्हणजे वजन लांबच्या टोकाला आणि ते तोलून धरणारे स्नायू आखूड टोकाला असतात. भाताची लावणी करणारी ६० किलो वजनाची स्त्री कंबरेत वाकली असता तिच्या कंबरेवरच्या शरीराचे वजन साधारण ३० किलो धरले आणि त्याचा मध्य कंबरेच्या गादीपासून २५ सेंटिमीटर पुढे गेला असे मानले, तर ३० गुणिले २५ म्हणजे ७५० किलो-सेंटिमीटर एवढा जोर तिला पुढे वाकवत असतो. पाठीचे स्नायू गादीच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असल्यामुळे त्यांना ७५० भागिले ५, म्हणजे १५० किलोच्या ताकदीने मागे खेचावे लागते, आणि ती सगळी ओढ अखेर गादीवरच येऊन पडते. हातात रोपांची एक जुडी आहे, डोक्यावर इरले आहे, उचललेले असे काहीच नाही, तरी हा हिशेब एवढा होतो. अगदी पूर्ण वाकल्यावर स्नायूंचे काही काम मागचे अस्थिबंध करतात हे खरे असले, तरी त्यामुळे गादीवरचा दाब फारसा उतरत नाही.

हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजण्यास सुरुवात केली, आणि १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथील हान्स-योआखिम विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या गादीत दाबमापक ठेवून त्याच्या दिवसभराच्या हालचालींची नोंद घेतली. उताणे झोपल्यावर तेथे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो, सरळ उभे राहिल्यावर ५ किलो, आणि पाठ वाकवून २० किलो उचलल्यावर २३ किलो एवढा दाब आढळला. तेच वजन गुडघ्यांत वाकून उचलले तेव्हा तो १७ किलोवर आला. रात्रीच्या झोपेत गादी पाणी शोषून घेते आणि पहाटेपर्यंत तिच्यातला दाब दुपटीहून अधिक वाढतो, हेही याच मोजणीतून दिसले.

२. रॉड आणि स्क्रू यांचे काम तात्पुरते असते

गादी पार निकामी झाली, मणका मोडला किंवा एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरला, तर शल्यविशारद ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकतात. मधली गादी काढून तिच्या जागी पिंजऱ्यासारखा पोकळ ठोकळा आणि हाडाचा भुगा भरणे, मागून दोन्ही मणक्यांत स्क्रू घालणे आणि ते रॉडने बांधणे, अशी ही रचना असते. मागच्या बाजूने गादीपर्यंत पोचून मणके जोडण्याची पद्धत अमेरिकेतील राल्फ क्लोवर्ड यांनी १९४० च्या दशकात सुरू केली, आणि भारतात ती रुजवण्यात सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अनेक वर्षे काम केलेले गोमंतकीय शल्यविशारद डॉ. प्रेमानंद रामाणी यांचा मोठा वाटा आहे. मराठी वाचकांना ते 'ताठ कणा' या त्यांच्या आत्मचरित्रामुळेही परिचित आहेत.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते, कारण पुढचा सगळा विषय तिच्यावर उभा आहे. दोन मणके जोडून ठेवण्याचे खरे काम अखेरीस हाडाने करायचे असते आणि धातूने ते हाड तयार होईपर्यंत जागा धरून ठेवायची असते. हाड जुळायला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. ते जुळले नाही, तर रोजच्या शेकडो हालचालींचा भार धातूवरच येत राहतो आणि कधीतरी स्क्रू सैल होतो किंवा मोडतो, कारण कोणताही धातू वारंवार वाकवला की थकतो. नवीन रचना बाजारात आणण्यापूर्वी प्रयोगशाळेत ती ५० लाख वेळा दाबून पाहण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे तो याचसाठी. एक्स-रेमध्ये मोडलेला स्क्रू दिसतो, पण हाड पुरते जुळले आहे की मध्ये बारीक फट राहिली आहे, हे धातूच्या सावलीमुळे पुष्कळदा स्पष्ट होत नाही. सीटी स्कॅन अधिक चांगले सांगतो, पण त्यात किरणोत्सर्ग अधिक असतो आणि तो दर महिन्याला काढता येत नाही.

३. धातूला भार कळतो कसा

भार मोजणाऱ्या साधनाला संवेदक किंवा रूढ शब्दात सेन्सर म्हणतात. मणक्यासाठी सर्वांत जुना आणि भरवशाचा सेन्सर म्हणजे रॉडवर चिकटवलेली धातूची अतिशय पातळ, नागमोडी पट्टी. रॉडवर भार आला की तो डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो, त्याच्याबरोबर पट्टी ताणली जाते, ताणलेली तार लांब आणि बारीक झाल्यामुळे तिच्यातून वीज जायला थोडा अधिक विरोध होतो, आणि तो वाढलेला विरोध मोजला की भार किती हे काढता येते. टायटॅनियमचा रॉड आपल्या लांबीच्या हजाराव्या भागाने ताणला गेला, तर ३५० ओहम विरोधाच्या पट्टीत सुमारे ०.७ ओहमचा फरक पडतो. एवढासा फरक ओलसर, खारट आणि सदैव हलत्या शरीरात वर्षानुवर्षे बिनचूक पकडायचा, तर सगळी विद्युतरचना टायटॅनियमच्या आत वितळजोडाने हवाबंद करावी लागते, कारण पाण्याचा अंश आत शिरला की मोजमाप भरकटू लागते.

दुसरी अडचण विजेची आहे. बॅटरी आत ठेवली तर ती कधीतरी संपणार, आणि ती बदलण्यासाठी पाठ पुन्हा उघडणे कोणालाच परवडणार नाही. त्यावर एक तोड अशी, की रुग्णाच्या कंबरेभोवती बाहेरून तारेचे वेटोळे धरायचे आणि त्यातल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने आतल्या लहान वेटोळ्यात वीज निर्माण करायची. दुसरी तोड अलीकडची आहे. दोन वेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना टेकून दूर झाले की त्यांच्यात विद्युतभार तयार होतो. मग मणक्याच्या दाबानेच असे थर उघडझाप करतील अशी जाळीदार रचना केली, तर शरीराची हालचालच सेन्सरला वीज पुरवते आणि त्या विजेचे प्रमाण हेच भाराचे मापही ठरते. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात अमीर अलवी आणि त्यांचे सहकारी या दिशेने काम करत आहेत.

४. बर्लिनने मोजले, आणि पंचाईत केली

बोलका मणका ही कालपरवाची कल्पना नव्हे. वाकड्या कण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हॅरिंग्टन रॉडवर सेन्सर बसवून त्यावरचा भार बिनतारी मोजल्याचा अहवाल नाकेमसन आणि एल्फस्ट्रॉम यांनी १९७१ मध्येच प्रसिद्ध केला होता. पण या विषयातले सर्वांत कसदार काम झाले ते बर्लिनमध्ये. अँटोनियस रोलमान, गेऑर्ग बर्गमान आणि फ्रीडमार ग्राइशेन यांनी १९९० च्या दशकात १० रुग्णांच्या पाठीत सेन्सर असलेली स्क्रू-रॉडची रचना बसवली, आणि पुढे मोडलेल्या मणक्याच्या जागी बसवायचा, सहा भारमापक पोटात असलेला टायटॅनियमचा ठोकळा तयार करून तो पाच रुग्णांत वापरला. रुग्ण चालत, जिना चढत, वजन उचलत, कूस बदलत आणि त्या क्षणी धातूवर काय चालले आहे ते पडद्यावर उमटत असे. ही मोजमापे ऑर्थोलोड या नावाने सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली असून जगभरातील इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचे असे भाग, बनवणारे आजही ती वापरतात.

या मोजणीने काही पक्क्या समजुतींना धक्का दिला. शस्त्रक्रियेनंतर कंबरेला पट्टा बांधला की आतल्या धातूवरचा भार हलका होतो असे मानले जाई. बर्लिनमध्ये निरनिराळे पट्टे बांधून मोजले असता भार लक्षणीय कमी झाल्याचे आढळले नाही. (पट्टा देण्यामागे वाकण्याची आठवण राहावी, वेदना कमी व्हावी अशी इतर कारणेही असतात, त्यामुळे हे वाचून कोणी तो स्वतःच्या मनाने सोडू नये.)

त्याहून मोठा धक्का हाड जुळण्याबाबत होता. हाड तयार झाले की ते भार उचलणार आणि धातूवरचा भार उतरणार, म्हणजे सेन्सरचा आकडा खाली आला की हाड जुळले असे समजावे, हे तर्काला पटणारे आहे आणि हुशार इम्प्लांटची बहुतेक जाहिरात आजही याच तर्कावर चालते. प्रत्यक्षात बर्लिनच्या अनेक रुग्णांत हाड जुळल्यानंतरही रॉडवरचा भार पूर्वीइतकाच राहिला आणि संशोधकांना २००० साली लिहावे लागले, की हाड कोणत्या वेळी जुळले हे या भारावरून निश्चित करता येत नाही. सहा महिने उलटून गेल्यावरही स्क्रू का मोडतात, याचा उलगडा मात्र त्यातून झाला. सेन्सरने आपले काम चोख केले होते. त्या आकड्याचा जो अर्थ लावायचे ठरले होते तो चुकीचा निघाला.

पिट्सबर्गची रचना मागच्या रॉडवर नसून दोन मणक्यांच्या मधल्या ठोकळ्यात आहे, जेथे नवे हाड प्रत्यक्ष वाढते, त्यामुळे तिचा अनुभव वेगळा येण्यास जागा आहे. तरीही तो रुग्णांमध्ये सिद्ध व्हायचा आहे आणि बर्लिनचा निष्कर्ष विसरून पुढे जाणे शहाणपणाचे होणार नाही.

५. यंत्र शिकते म्हणजे काय

एका आकड्यावरून जे कळत नाही ते हजारो आकड्यांच्या एकत्रित ठेवणीवरून कळेल, या आशेवर कृत्रिम बुद्धिमत्ता येथे प्रवेश करते. तिचे काम तत्त्वतः सोपे आहे. ज्यांचे हाड जुळले आणि ज्यांचे जुळले नाही असे सीटी स्कॅनने ठरलेले आहे, अशा पुष्कळ रुग्णांचे सेन्सरचे आकडे संगणकाला उत्तरासह दाखवायचे. दोन्ही गटांत कोणता फरक वारंवार दिसतो हे त्याने शोधायचे. आणि मग ज्याचे उत्तर माहीत नाही अशा नव्या रुग्णाबद्दल अंदाज बांधायचा.

अशा कार्यक्रमाबद्दल '९० टक्के अचूक' असे वाचनात आले की थोडे थांबून हिशेब करावा. समजा, १०० रुग्णांपैकी ९० जणांचे हाड जुळते आणि १० जणांचे जुळत नाही. कोणताही आकडा न पाहता प्रत्येकालाच 'जुळले' असे सांगणारा कार्यक्रमही येथे ९० टक्के अचूक ठरतो, मात्र ज्या १० जणांसाठी तो बनवला त्यांच्यातल्या एकालाही तो ओळखत नाही. म्हणून त्या १० पैकी किती ओळखले आणि ९० पैकी किती जणांना विनाकारण घाबरवले, हे दोन आकडे वेगवेगळे मागितले पाहिजेत.

६. आज प्रत्यक्षात मिळते ते काय

'हुशार' हे विशेषण सध्या तीन निराळ्या वस्तूंना लावले जाते. पहिल्या प्रकारात बुद्धी बाहेर असते आणि आतला धातू मुकाच असतो: फ्रान्समधील मेडिक्रिया या कंपनीने रुग्णाच्या एक्स-रेवरून रॉडचा योग्य बाक आधीच ठरवून देणारी पद्धत विकसित केली, आणि २०२० मध्ये मेडट्रॉनिकने ती कंपनीच विकत घेतली. दुसरा प्रकार वेदना शमवणाऱ्या मज्जारज्जू-उत्तेजकांचा आहे, आणि बुद्धी खरोखर पाठीत शिरली आहे ती याच ठिकाणी. मज्जारज्जूच्या वेष्टनाबाहेर ठेवलेल्या तारेतून सौम्य वीज सोडून वेदनेचा संदेश दाबला जातो. पण माणूस खोकला किंवा वाकला की तार आणि रज्जू यांतले अंतर बदलते व झटका जाणवतो. म्हणून नवे उत्तेजक प्रत्येक स्पंदनानंतर रज्जूने दिलेला प्रतिसाद मोजतात आणि पुढचे स्पंदन त्याप्रमाणे कमी-जास्त करतात. अमेरिकेत सालुडा कंपनीच्या अशा उपकरणाला २०२२ मध्ये, तर सेकंदाला ५० वेळा मोजणाऱ्या मेडट्रॉनिकच्या उपकरणाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. हाड जुळण्याशी मात्र त्यांचा संबंध नाही.

तिसरा प्रकार म्हणजे आकडे घरून पाठवणारा सांधा, आणि तो अजून कण्यात नसून गुडघ्यात आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला झिमर बायोमेटचा कृत्रिम गुडघा पावले, चालण्याचा वेग आणि गुडघा किती वाकतो हे नोंदवून घरातल्या पेटीमार्फत डॉक्टरांकडे पाठवतो, पण तोही भार मोजत नाही. मणक्यातले हाड जुळले की नाही हे स्वतः ओळखून कळवणारे इम्प्लांट रोजच्या वापरात अद्याप कोठेही नाही.

७. खांबची पाठ कोणी मोजली आहे?

शिकणारे यंत्र जे पाहते तेच शिकते, आणि आजवर मोजल्या गेलेल्या पाठी मूठभर आहेत व बहुतेक युरोपातल्या आहेत. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, हातात पिशवी धरून चालणे, या त्यांच्या हालचाली आहेत. खांबच्या आसपास, रोहा आणि पेण तालुक्यांतल्या माणसाची पाठ याखेरीज बरेच काही करते. आषाढात ती दिवसाचे कितीतरी तास चिखलात वाकलेली असते, पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींवर काम करताना मांडी घालून पुढे झुकलेली असते, चुलीपुढे व शौचास उकिडवी असते, आणि हंडा किंवा भारा डोक्यावर घेऊन सरळ ताठ चालते. डोक्यावरचे वजन कण्याच्या रेषेत येत असल्यामुळे पहिल्या विभागातल्या हिशेबातले २५ सेंटिमीटर येथे जवळजवळ शून्य होतात, म्हणजे तेवढेच वजन पाठीवर अगदी वेगळ्या तऱ्हेने येते. बर्लिनच्या आकड्यांवर शिकलेल्या कार्यक्रमाला लावणीचा महिना हा बिघाडाचा महिना वाटू शकेल, किंवा उलट, खरा बिघाड त्याच्या लक्षातच येणार नाही.

हे काम महाराष्ट्रात होण्यासारखे आहे. मुंबईच्या आयआयटीत २०१४ पासून बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने उभे राहिले असून तेथे अभियंते आणि डॉक्टर एकत्र बसतात, हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या पट्ट्या व स्क्रू तयार करण्याचा कारखाना कोकणातच, देवरुखजवळ साडवली येथे अ‍ॅडलर कंपनीने उभारला, आणि डॉ. शेखर भोजराज यांची स्पाइन फाउंडेशन ही संस्था गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या सोबतीने खेड्यातल्या पाठदुखीवर काम करते. इम्प्लांटमध्ये सेन्सर घालण्याच्या कितीतरी आधी, पाठीवर बाहेरून चिकटवलेल्या साध्या हालचालमापकांनी लावणी, मूर्तिकाम आणि डोक्यावरची ओझी यांची नोंद घेता येईल, आणि ती स्वस्तही पडेल. प्रस्तुत लेखकाच्या मते इम्प्लांट विकत आणण्यापेक्षा हे काम अगोदर व्हायला हवे.

८. कंपनी बंद पडली तर

असे इम्प्लांट उद्या आले, तर पाठीतून निघालेले आकडे रुग्णाच्या फोनवर येतील, तेथून कंपनीच्या संगणकाकडे जातील आणि मग डॉक्टरांना दिसतील. भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत, २०२० पासून सर्व उपकरणे त्यांच्या कक्षेत आली आहेत, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा झाला आहे. मात्र रात्री दोन वाजता आलेल्या धोक्याच्या सूचनेला उत्तर कोणी द्यायचे, हे रुग्णालयाशी आधीच ठरवून घ्यावे लागेल, कारण सूचना खांबला मिळणार आणि ती वाचू शकणारा शल्यविशारद मुंबईत झोपलेला असणार.

डोळ्यांच्या क्षेत्रात याहून कठीण प्रसंग ओढवला आहे. सेकंड साइट या अमेरिकन कंपनीने अंध व्यक्तींच्या दृष्टिपटलावर बसवायचे उपकरण तयार केले आणि जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतले, पण २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले, २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना काढले, आणि डोळ्यात उपकरण असलेल्या माणसांना दुरुस्ती वा सुटे भाग मिळणे अवघड झाले. मणक्याच्या बाबतीत यावर आराखड्यातच उपाय करता येतो. बर्लिनच्या इम्प्लांटमध्ये विजेचा भाग हवाबंद पोकळीत वेगळा ठेवला होता, कण्याचा भार पेलण्याचे काम पूर्णपणे भोवतालच्या धातूकडे होते, आणि सेन्सरला बाहेरून वीज मिळायची बंद झाली तरी रुग्णाच्या पाठीत एक साधे, नेहमीसारखे इम्प्लांट शिल्लक राहत असे.